नवीन सतरा

भिंगरीच्या शाळेतल्या नृत्याच्या बाईंना मी म्हणालो, "संगीताची काळजी सोडा, मी करून देतो." एवढंच म्हणालो. (बायको शेजारीच उभी होती. तिने मागून माझा शर्ट ओढला, पण मला वाटलं कॉलर नीट करतेय.)

भिंगरी म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी. एका जागी उभी राहत नाही म्हणून हे नाव. पाच मिनिटांचा नाच, आठ मुली, आणि मी नुकतंच कॉम्प्युटरवर संगीत रचायचं सॉफ्टवेअर घेतलेलं. त्यात अवघड काही नसतं. ढोलाचा म्हणा, बासरीचा म्हणा, एक छोटा तुकडा बनवायचा. त्याला पॅटर्न म्हणतात. मग तो हवा तिथे, हवा तितक्या वेळा चिकटवायचा. झालं गाणं.

"तुकड्यांना नावं द्या हो," बायको म्हणाली. "नाहीतर घोळ घालाल."

"अगं, रेकॉर्ड विभागात वीस वर्षं काढलीत मी. चार हजार फायली तोंडपाठ आहेत." (त्यातल्या तीनशे फक्त तोंडपाठच आहेत. कपाटात सापडत नाहीत.)

सॉफ्टवेअर आपणहून जे नाव देई तेच मी ठेवलं. नवीन एक, नवीन दोन, नवीन तीन. आठवड्याभरात त्रेसष्ट झाले. ढोल नवीन नऊमध्ये आहे की नवीन एकोणीसमध्ये, हे कळायला दर वेळी सगळं वाजवून बघावं लागे. शनिवारी मी वैतागलो आणि आवाजांच्या ज्या फायली नकोशा वाटल्या त्या सरळ उडवून टाकल्या.

रविवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. भिंगरी आतल्या खोलीत चित्रं रंगवत होती. मी हेडफोन लावून गाणं सुरुवातीपासून ऐकायला बसलो.

पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्या मिनिटाला ढोल यायला हवा होता. ढोल आला नाही. कुणीतरी श्वास घेतला.

अगदी कानाशी. लांब, जड श्वास. मग घसा खाकरल्यासारखी घरघर, दोनदा. आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "डो...ळे... मिट..."

मी मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. पडदासुद्धा हलत नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे तर जास्तच भीती वाटली. अंधार असता तर निदान दिवा लावता आला असता.

"मी... इथंच... आहे..."

मी तो तुकडा पुसला. त्या घाईत शेजारचे दोन चांगले तुकडेही गेले. पुन्हा प्ले केलं. अर्धं मिनिट बरं गेलं आणि पुन्हा तोच श्वास. आता आवाज गाऊ लागला होता. चारच स्वर, एकेक पायरी उतरत येणारे. मी ताडकन उठलो, त्या झटक्यात हेडफोनची वायर निघाली आणि ते गाणं स्पीकरमधून अख्ख्या घरात पसरलं. मी प्ले बंद केलं.

घर शांत झालं. आणि आतल्या खोलीतून भिंगरीने पुढची ओळ गुणगुणली.

मी दारात जाऊन विचारलं, "भिंगरे, हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही," ती मान वर न करता म्हणाली. "पुढे असंच असतं."

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन आत आली. माझा चेहरा बघून तिने पिशव्या खाली ठेवल्या. "काय झालं?"

"आपल्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी आहे," मी म्हणालो.

"लावा बघू."

"नको, अगं, ते—"

"लावा म्हणते ना."

मी लावलं. श्वास. घरघर, एकदा, दोनदा. बायको एकदम पुढे आली. "हे तुम्ही ताणलंय. मूळच्या वेगात करा."

मी काही ताणलं नव्हतं. माझ्या संथ ठेक्यात बसवायला सॉफ्टवेअरनेच ताणलं होतं. बटण दाबलं. विहिरीचा तळ वर आला. दोनदा घसा खाकरून एक म्हातारा, गोड आवाज म्हणाला, "डोळे मिट बघू. मी इथंच आहे."

माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तुम्ही म्हणाला होतात," बायको हळूच म्हणाली, "आईच्या फोनमधलं सगळं गेलं."

म्हणालो होतो. तेव्हा तो फोन मी कॉम्प्युटरवर रिकामा केला, कुठे ठेवलं ते विसरलो, आणि चार दिवस शोधून तसं सांगून टाकलं. त्यातल्या रेकॉर्डिंगची नावंही अशीच होती, नवीन एक, नवीन दोन. शनिवारी मी ढोलाचं नवीन सतरा उडवलं. सॉफ्टवेअरने त्याच नावाची दुसरी फाइल शोधून काढली आणि गाण्यात जिथे जिथे ढोल होता तिथे तिथे सासूबाईंना बसवलं.

बायको खुर्चीत बसली आणि भिंगरी येऊन तिच्या मांडीवर बसली. भिंगरीला झोपवताना म्हटलेली ती अंगाई पुढे चालू राहिली. मध्येच थांबून सासूबाई कुजबुजल्या, "जावई आले वाटतं. हळू हं, आत्ताच झोपलीय."

मी उचललेलं पाऊल तसंच धरून उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. बायकोने डोळे पुसले. "आता तरी नाव द्या त्याला," ती म्हणाली. मी 'आई' असं टाइप केलं.

कार्यक्रमात ती अंगाई सुरुवातीला आणि शेवटी ठेवली, मधलं सगळं माझं. आठही मुली डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर नृत्याच्या बाई धावतच आल्या.

"काय आवाज होता हो त्या आजींचा! अंगावर काटा आला. फक्त मधली तीन मिनिटं स्पीकर बिघडला बघा. नुसती खडखड! त्या साउंडवाल्याला मी चांगलंच झापलंय."

"बरं केलंत," मी म्हणालो. "कामं धड करतच नाहीत हल्ली लोक."