बाळोबांची उभी गाडी

लोक गाडीला बैल जुंपतात. आमच्या बंदरावर बाळोबा पत्रेवाल्यांनी गाडीला बोकड जुंपला होता. चांगला काळाकुट्ट, दाढीवाला बोकड जुवाला बांधलेला, तोंडात फणसाचं पान, आणि मागे गाडीवर ही एवढी थोरली पाटी: 'ट्रंकेची कडी, कोयंडा, कुलूप, छत्री. दुरुस्ती चोख. देवळामागचा बोळ. विचारत यावे.'

मी तेव्हा गावच्या कमिटीत कारकून होतो, आणि ती गाडी तिथून हलवणं हे माझं काम होतं. मी तावातावाने विचारलं, "बाळोबा, हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला, भाऊसाहेब? जनावर जुंपल्याबिगर गाडी उभी करायची न्हाय, असाच हुकूम हाय ना तुमचा? मग ह्यो काय मासा हाय?"

आता हा हुकूम निघाला कसा, ते सांगतो. बाळोबांचं दुकान देवळामागच्या बोळात, पार माडाच्या वाडीला टेकलेलं. मुंबईची आगबोट आली की माणसं काठाला आणणाऱ्या पडावातून उतरणाऱ्यांच्या डोक्यावर ट्रंकाच ट्रंका, आणि त्यातल्या निम्म्या सुतळीने आवळलेल्या, कारण कड्या वाटेतच निखळलेल्या. गिऱ्हाईक दारात आलेलं, पण त्या बोळात मरायला कोण जाणार? तेव्हा बाळोबांनी आपली जुनी गाडी बंदरावर आणून उभी केली आणि तिच्यावर पाटी ठोकली. बैल केव्हाच विकले होते. गाडी दिवसभर एकटीच उभी, आणि बाळोबा बोळात गिऱ्हाइकाची वाट बघत. धंदा लागला बरं का!

झालं. ते बघून खानावळवाल्याने आपली गाडी आणली, मागोमाग तेलवाल्याने, मग चपलावाल्याने. बंदरावर पाट्यांचीच जत्रा. बोट लागली की सवारीच्या गाड्यांना वळायला जागा नाही, नुसती बोंबाबोंब. तरी कमिटी ढिम्म होती. पण एके दिवशी अध्यक्षांच्या सासूबाई बोटीतून उतरल्या आणि त्यांनी खानावळीच्या पाटीवर कपाळ आपटून घेतलं. लगोलग नियम तयार! जनावर जुंपल्याशिवाय गाडी बंदरावर उभी राहणार नाही. राहिली तर जप्त, वर लिलाव.

बाकीच्यांनी मुकाट्याने गाड्या नेल्या. बाळोबा तेवढे कचेरीत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले. "वाचा," म्हणाले. मी नियम वाचला. त्यांनी तो डोळे मिटून, पोथी ऐकावी तसा ऐकला, मान डोलावली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी बोकड!

मग आम्ही नियमात 'बैल' घातला. बाळोबांनी शेजाऱ्याचा एक म्हातारा बैल आणला. तो गाडीपुढे जो बसला, तो बोटीच्या भोंग्यालाही कान हलवीना. मी म्हटलं, "अहो, हा उठत तरी आहे का?" तर उत्तर तयार: "बैलानं उभं ऱ्हायला पायजे, असं कुठं लिवलंय?"

आम्ही लिहिलं, गाडीत माल असावा. बाळोबांनी एक नारळ ठेवला. एकच! वर मला म्हणतात, "बाजार मंदा हाय, भाऊसाहेब."

अध्यक्ष माझ्यावर खेकसायचे, बाळोबा गालात हसायचे, आणि मधल्या मधे माझं डोकं फिरायचं. शेवटी मी एक जालीम अट काढली: मालकाने जातीने गाडीपाशी हजर राहावे, बोट सुटेपर्यंत जागा सोडू नये. दुकान टाकून म्हातारा इथे कसला बसतोय!

बसला की. हातोडी, कात्री, पत्र्याचे तुकडे घेऊन गाडीवरच बसला. हळूहळू काम कमी आणि गप्पा जास्त. रेवदंड्याच्या कोळणी मासळीच्या पाट्या टेकवून विचारायच्या, "बालोबा, बोट दिसली का?" लेकुरवाळ्या बाया पोरं त्यांच्या मांडीवर टाकून सामान मोजायला जायच्या. नुसती ट्रंक बघून बाळोबा सांगायचे, "ही रागानं आपटलीय. घरात भांडण झालं का रं?" आणि ट्रंकेचा मालक लाजायचा. एकदा अध्यक्षांच्याच ट्रंकेचा कोयंडा ऐन बोटीच्या वेळी तुटला. बाळोबांनी तो उभ्या उभ्या बसवून दिला.

अध्यक्ष विरघळले. मला म्हणाले, "बिचाऱ्याला कशाला छळता? सगळ्या अटी काढून टाका. त्याची गाडी राहू द्या." जसा काही मीच छळत होतो!

पण मलाही हायसं वाटलं. धावतच बंदरावर गेलो. "बाळोबा, सुटलात! उद्यापासून बैल नको, नारळ नको, तुम्हीसुद्धा नको. गाडी इथे राहील. तुम्ही खुशाल दुकानात जाऊन बसा."

मला वाटलं, म्हातारा पेढे वाटील. त्यांची हातोडी थांबली.

"म्हंजे मी हितं बसायचं न्हाय?"

"गरजच नाही आता."

बाळोबांनी हातोडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, बायको गेली. पोरगी म्हसळ्याला दिली, तिला तिचा संसार हाय. त्या बोळात गिऱ्हाईक येतं, ट्रंक टाकतं नि जातं. हितं मानसं हाक मारतात."

"मग बसा की! कोण उठवतंय तुम्हाला?"

"तसं कसं? उगाच बसलेला म्हातारा लोकांना लगेच दिसतो. आधी बोलतात, मग कीव करतात. ती न्हाय सोसवत मला. सरकारी हुकूम हाय म्हणून बसलोय म्हटलं, की कुणी काय म्हणत न्हाय." त्यांनी माझा हात धरला. "बाकी समदं काढा. ती येक अट तेवढी ऱ्हाऊ द्या."

 इतके दिवस मी या माणसाशी भांडत होतो, आणि तो एकटा आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तसाच कचेरीत गेलो. "साहेब, बाकीच्या अटी काढू. पण मालकाने हजर राहण्याची अट राहू द्या. हा माणूस भरवशाचा नाही."

"अजून त्रास देतो काय?"

"फार," मी म्हणालो. अध्यक्षांनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी बोटीच्या वेळी मी बंदरावर गेलो. बाळोबा गाडीवर ठाण मांडून बसले होते, मांडीवर कुणाचं तरी पोर, भोवती हा घोळका, आणि ते सगळ्यांना मोठ्यांदा सांगत होते, "काय करू बाबांनो! घरी लई कामं पडलीत, पण ह्यो कारकून सोडतोय का मला?"

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. एक म्हातारी तर, "मेल्याला दयामाया हाय का न्हाय?" म्हणाली. मी छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "बाळोबा, बोट सुटेपर्यंत जागचे हललात, तर गाडी जप्त करीन!"