नामदेवअण्णाचं पुरळ

आमच्या गावात नवा जावई सासऱ्याच्या पाया पडायच्या आधी नामदेवअण्णाला वास देऊन यायचा. अण्णा दूध सोसायटीत फॅट तपासायचा. दहा हातांवरूनच नाक वर करून ओरडायचा, "पावडर लावलीस बे? वाऱ्याच्या खाली ऱ्हा! आधी वास सोड, मग बोल!"

अण्णाला सुगंधाचं वावडं होतं. वासाचा साबण, पावडर, क्रीम, काहीही अंगाला लागलं की गालापासून मानेपर्यंत पुरळ. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, अंगाला लावू नका. अण्णानं ते गावाला लागू केलं. तपासणीसाठी डॉक्टरनं पाठीवर चिकटपट्ट्या लावून दोन दिवस अंघोळ बंद केली होती. त्या दुष्काळात आमचं सगळं गावच तपासणीवर होतं, पण मान अण्णाचा! पट्ट्यांखाली उठलेले लाल गोल बघायला पार चकलांब्याहून माणसं आली.

माझं पोट दुखलं ते पाण्याच्या टँकरवर. "घामानं पुरळ चरचरतंय," एवढं अण्णानं म्हणायचा अवकाश, बाया बाजूला सरून त्याची घागर पुढं घ्यायच्या. माझी बायकोसुद्धा! मी तक्रार केली तर म्हणाली, "तुमाला काय हाय? धडधाकट रेडा!"

मग मीही इरेला पेटलो. चौसाळ्याच्या बाजारातून सगळ्यात भडक वासाचं क्रीम आणलं, आठ दिवस थापलं. मधमाश्यांनी मिशीत पोळं बांधायचं तेवढं राहिलं. पण पुरळ? एक फोड न्हाई. उलट कातडी तुकतुकीत झाली.

पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. अण्णाची बायको, सखूवहिनी, भावाच्या टोळीतून सहा महिन्यांनी घरी आल्या. तिसऱ्या दिवशी अण्णाचा गाल मिरचीसारखा लाल! मी चौकशीच्या निमित्तानं गेलो. वहिनी ओट्यावर बसून तोंडाला क्रीम चोळत होत्या. वास ओळखीचा. माझ्या डबीतल्या क्रीमचाच! सापडला पुरळाचा चोर, म्हणून मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाल्या,

"भावजी, पाचटीनं सगळं तोंड चिरतंय बघा तिकडं. घरी येऊन हे लावलं की जरा बाईमाणूस झाल्यासारखं वाटतंय. पण लावते मी माझ्या तोंडाला, मग यांचा गाल कावून उठतो? दरसाल मी आले की उठतोच."

त्यांच्या पाठीमागं अण्णानं मला हात जोडले. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"टँकरचं पाणी, वहिनी," मी म्हणालो. "लई खराब हाय."

"तेच सांगतोय मी हिला," अण्णा म्हणाला आणि सरकून वहिनींच्या शेजारी बसला. वाऱ्याच्या खाली.

घरी येऊन उरलेली डबी मी बायकोपुढं ठेवली. ती रोज लावते. मी रोज आरशात गाल बघतो. अजून एक फोड न्हाई.