रुद्रप्पाचा लाडका केना

"माझ्या केन्याला हात तर लावून दाखवा!" रुद्रप्पा रोज म्हणायचा, पण मनातल्या मनात. त्याला अख्ख्या सिरसाळ्याला चकित करायचं होतं ना!

त्याच्या मक्यातला केना तणनाशकाला भीकच घालत नव्हता. फवारलं की जरा मान टाकायचा आणि परत टवटवीत! वर्षाराणी मॅडम अशाच निगरगट्ट तणांवर डॉक्टरेट करत होत्या. त्यांना तर खजिनाच सापडला. "काका, बी पिकेपर्यंत उपटू नका. हे बी गेलं तर माझं अख्खं वर्ष गेलं!"

"मॅडम, केसाला धक्का लागनार न्हाई!"

मग काय, रुद्रप्पा बांधावर बसून तणाकडं लाडानं बघायला लागला. शेळी दिसली की दगड उचलायचा. ज्याच्या रानात गवताची काडी दिसत नसे, त्याचं रान तणानं माजलंय आणि हा गालात हसतोय! म्हाताऱ्या तात्याबांचा जीव तुटला.

"पोरगं खचलंय," ते टपरीवर म्हणाले. "आपन न्हाई तर कोन बघनार?"

बी काढायच्या दिवशी रुद्रप्पा फोटोसाठी दाढी करून मॅडमना स्टँडवरून आणायला गेला. तेवढ्यात गावानं इर्जिक घातली! मजुरी नाही, काही नाही; अडलेल्याच्या रानात सगळ्यांनी राबायचं. बायाबापड्या, गडीमाणसं, सगळे खुरपी घेऊन तुटून पडले.

मॅडम येऊन बघतात तर सारवलेल्या अंगणासारखं रान!

"काका, केना?"

तात्याबांनी घाम पुसला. "मुळासकट काढला! आभार मानू नगं."

"तात्या, टाकला कुठं?" रुद्रप्पा किंचाळला.

"म्हशींला. लई आवडीनं खाल्ला!"

"समदा?"

"कवळे शेंडे तुझ्या बायकोनं नेले की."

दोघं घराकडं धावले. गंगासागर कढईपुढं बसली होती. "आवं, इर्जिकीची मानसं उपाशी धाडू व्हय? केन्याची भजी केल्यात. मॅडम, गरम हायती तवर घ्या!"

मॅडमनी एक भजं खाल्लं. "छान झालीत," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. रुद्रप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला जमलेल्या गावापुढं त्यानं सगळं सांगून टाकलं: डॉक्टरेट, बी, संशोधन.

तात्याबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय बाबा, व्हय. तनाची डॉक्टरीन. तू पानी पी."

एवढ्यात मॅडमनी डोळे पुसले. "काका! केना मातीखालीसुद्धा बी धरतो! परत उगवेल. फक्त आता खुरपं लावू देऊ नका!"

रुद्रप्पानं रानातच मुक्काम ठोकला. आणि एका सकाळी मातीतून हिरवी पानं वर आली! आधी त्यानं मॅडमना फोन केला. मग पेढ्यांचा पुडा घेऊन बाजारपेठेतून नाचत सुटला. "उगवला! माझा केना उगवला! मॅडमचं वर्ष वाचलं!" दिसेल त्याला मिठी, दिसेल त्याला पेढा!

तात्याबांनी पेढा तोंडात टाकला. रुद्रप्पा पुढं गेल्यावर हळूच मंडळींकडं वळले.

"अजून उतार न्हाई. खुरपी काढा बे!"