मुळासकट कॅलेंडर

"'म. शिवरात्र'! महादेव काय यांच्या दुकानातला नोकर आहे, अर्ध्या नावानं हाक मारायला?" रंगनाथशेठनी समोरच्या सोमनाथशेठचं कॅलेंडर काउंटरवर आपटलं.

पंचवटीत या दोघांची द्राक्षबागेच्या औषधांची दुकानं समोरासमोर. ज्याचं कॅलेंडर गिऱ्हाइकाच्या भिंतीवर, त्याच्याच दुकानाचं नाव वर्षभर डोळ्यांपुढे. आजवर त्या खिळ्यावर सोमनाथशेठच लटकत आले होते. दोन हजार एक सालचा खिळा मात्र आपलाच, असं रंगनाथशेठनी ठरवलं. त्यांच्या कॅलेंडरात संक्षेप नाही! प्रत्येक सणाचं पूर्ण नाव, आणि खाली ते नाव कुठून आलं तेही. मजकूर शेठ स्वतः सांगणार. त्यांना सगळं ठाऊक असायचं. जे नसायचं, ते तर जरा जास्तच.

"लिही. नाताळ म्हणजे नाच आणि ताल," त्यांनी दहावीतल्या मुलीला, योगिनीला, फर्मावलं.

"पप्पा, तो पोर्तुगीज शब्द आहे. जन्म असा अर्थ."

"पोर्तुगीज मार्केट यार्डात कधी आले होते गं?"

"आणि सोमनाथकाका 'एक्समस' छापतात ना, त्यातला एक्स म्हणजे ग्रीक अक्षर. ख्रिस्ताच्या नावातलं पहिलं."

"फुली मारलेला सण मी छापणार नाही!"

बातमी गिऱ्हाइकांत पसरली. हरसूलचा हिरामण काउंटरवर रेलला. "शेठ, आमचा बोहाडा नाय का यात? मुखवटे घालून रातभर नाचतो आम्ही."

"टाक!"

सटाण्याच्या लताबाई मागून ओरडल्या, "आनि आमनी यात्रा कोठे शे?"

"तीही टाक!" नाही म्हणणं म्हणजे एक खिळा गेलाच की!

छापखान्यातले कोंडाजी मजकूर बघून घामाघूम झाले. "शेठ, चौकटीत मावत नाय. नावं छोटी करू का?"

"नावाला हात लावायचा नाही! आकडे बारीक करा."

"मग तारीख दिसायची नाय."

"तारीख काय, पेपरातही असते!"

कॅलेंडर छापून आलं. मकरसंक्रांतीचं मूळ शेजारच्या चौकटींत घुसलेलं, आणि खुद्द चौदा तारीख रव्याच्या कणाएवढी. लोकांनी मात्र आनंदानं नेलं. फुकट होतं ना!

जानेवारीत एका दुपारी शेठना कंपनीला पत्र लिहायचं होतं. त्यांनी स्वतःच्या कॅलेंडराला नाक लावलं. चष्मा लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला. शेवटी हळूच म्हणाले, "योगिनी, समोरून एक घेऊन ये. पिशवीत घालून आण."

ती रिकामी पिशवी घेऊन परतली.

"सोमनाथकाकांकडची संपली. पहिल्यांदाच! आपलीच गिऱ्हाइकं घेऊन गेली, तारीख बघायला. हिरामणदादा तिथंच होता. मी विचारलं, आमचं फेकलंत का? तर म्हणाला, 'फेकू कशाला ताई? दोन्ही एकाच खिळ्याला हायेत.'"

शेठचा चेहरा उजळला. "म्हणजे लागलं की नाही आपलं घराघरांत!"

"लागलं ना, पप्पा," पिशवीची घडी घालत योगिनी म्हणाली. "त्यांच्या मागं."