तेवीस वर्षांचे चेअरमन

चेअरमन विठूतात्या मांडवकर कॉम्प्युटरनं छापलेली सभासदांची यादी वाचता वाचता मध्येच थांबले, तेव्हा हेडक्लार्क सखाराम लगबगीनं पुढे आले. आंबा बागायतदारांच्या सोसायटीत हे कॉम्प्युटरचं खूळ सत्त्याऐंशी सालात त्यांनीच आणलं होतं. तो चालवायला, आधी इथंच पाकिटं चिकटवणाऱ्या आणि नुकताच कोर्स करून आलेल्या सावित्रीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता.

"सखाराम," तात्या म्हणाले, "माजं वय तेवीस कवापासून झालं?"

यादीत तसंच होतं. विठू धोंडू मांडवकर, सावर्डे, वय तेवीस. वेळणेश्वरच्या सत्तरी ओलांडलेल्या विठू धोंडू मांडवकरांचा मात्र पत्ताच नव्हता. रविवारच्या सभेत सावर्डे आणि वेळणेश्वर या दोन शाखा एक व्हायच्या होत्या, आणि नव्या चेअरमनसाठी मतं याच यादीवरून पडायची होती. यादीत नाव नाही म्हणजे तात्यांना मत नाही, मग खुर्ची कुठली?

पुढे वाचावं तसं आणखीच निघत गेलं. कितीतरी घरांतले म्हातारे गायब होते, पोरंसोरं तेवढी शिल्लक. सोसायटी एका फटक्यात तरुण झाली होती. संध्याकाळपर्यंत यादी सुधारली नाही तर हा डबा परत पाठवायचा आणि सावित्रीला पुन्हा पाकिटं चिकटवायला बसवायचं, असं सांगून तात्या चहाला गेले.

सखारामांना वाटलं, पोरगी आता रडणार. पण सावित्रीनं पदर खोचला आणि यंत्रासमोर बसली. शेकडो नावं तिनं बाजूला ठेवली, दोन्ही शाखांतली दोन-दोनच घेतली. कोण ठेवलं, कोण वगळलं, हे प्रत्येक पायरीला सांगत जा, असं तिनं यंत्राला बजावलं. सखारामांनी जन्मात इतक्या थंड डोक्याचा माणूस पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं ती स्वतःशीच हसली. "काका, यंत्र शहाणं हाय. मीच गाढव."

काहींच्या बागा दोन्ही शाखांत होत्या. ती माणसं दोनदा येऊ नयेत म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं, नाव सारखं तो माणूस एकच, त्यातलं मागून भरलेलं तेवढं ठेव. आता आपल्याकडे थोरल्या नातवाला आजाचं नाव ठेवतात. विठूचा धोंडू, धोंडूचा पुन्हा विठू. तात्यांच्या नातवानं सावर्ड्याला नवी बाग केली होती. यंत्रानं दोन्ही विठू पाहिले आणि आजाला वगळून टाकलं.

तिनं नावाबरोबर वयही पडताळायला लावलं, वर नाव सारखं असेल तर थोरला आधी, असंही घातलं. म्हातारे परतले. सखाराम टाळी वाजवणार तोच दिसलं, की शंभरी ओलांडलेले धाकूआजोबा आपल्या विशीतल्या नातवाच्याही खाली बसलेत.

"वयाचा पहिलाच आकडा बघतंय मेलं," सावित्री म्हणाली. "एकापेक्षा दोन मोठा म्हणून मोकळं." वय हा शब्द नव्हे, आकडा आहे, हे तिनं यंत्राला समजावलं. समजावणं कसलं, एक ओळ बदलली. सखारामांचे डोळे भरून आले. आपल्या मुलीनं बोर्डात नंबर काढला असता तरी त्यांना याहून जास्त वाटलं नसतं.

संध्याकाळी तात्यांनी नातवाच्या वर बसलेलं आपलं नाव पाहिलं. सगळा प्रकार ऐकून घेतला आणि घसा खाकरला.

"नातवाला पोर झालंय. रविवारी सभेनंतर बारसं. आमच्या चालीनं धोंडू ठेवायचं, पण तुज्या मशिनीला तरास नको. तूच सांग गो बाय, दुसरं कायतरी."

शंभर वर्षांची चाल मोडायला निघालेल्या या माणसाकडे सखाराम बघतच राहिले. सावित्रीनं मशिनीवर कापड घातलं.

"धोंडूच ठेवा, तात्या. आता तिला आजा-नातू कळतात."

रविवारी चेअरमन पुन्हा निवडून आले. बारशाला आत्याचा मान सावित्रीला मिळाला. बाळाच्या कानात तिनं धोंडू म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत पडलेल्या धपाट्यांत पहिला सखारामांच्या बायकोचा होता.