टॉवरखालचा टीव्ही

"आईंना आज असं चित्र दाखवतो, की त्या स्वतःच स्वतःला नमस्कार करतील," मेकॅनिकने सकाळीच जाहीर केलं आणि तिथेच चुकलं. चित्राची हमी तो गिऱ्हाइकाला कधी देत नसे.

पण आज सासूबाई टीव्हीवर येणार होत्या. त्यांच्या विणकामाचा कार्यक्रम आधीच चित्रित झाला होता, संध्याकाळी लागणार होता, आणि तो बघायला त्या मुद्दाम लेकीकडे आल्या होत्या. लग्नापासून जावयाविषयी त्यांचं एकच मत होतं: "जगाचे टीव्ही नीट करतात, घरचा तेवढा खरखरतो." ते मत आज पुसायचंच, असा त्याने चंग बांधला होता.

घर नवं होतं. आधीचं डोंगराआड, तिथे सिग्नल बिचारा रडतखडत पोचायचा. टीव्हीच्या पोटात एक कारभारी असतो. सिग्नल अशक्त आला तर त्याला फुगवायचं, दांडगा आला तर दाबायचं, म्हणजे चित्र एकसारखं राहतं. या कारभाऱ्याचा स्क्रू मेकॅनिकने जुन्या घरी पार पिळून ठेवला होता: दाबायचं नाव नाही, नुसतं फुगवायचं. नव्या घरात प्रक्षेपणाचा टॉवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता, आणि स्क्रूची गोष्ट तो साफ विसरला होता.

संध्याकाळी टीव्ही लावला, तर चित्र वाकडं आणि आवाजात गुरगुर.

"सिग्नल कमी पडतोय," त्याने निदान केलं आणि बूस्टर जोडला.

चित्र आणखी वाकलं. मग त्याने गच्चीवर मोठा अँटेना चढवला. आता तर पडद्यावर पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं झालं.

"अहो, निवेदिकेचे केस पिकले," बायको म्हणाली.

"तुमची खटपट बघून पिकले असतील," शेजारीण म्हणाली. तिला आपणच बोलावलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर सासूबाई आल्या. मेकॅनिकने घाईघाईत टीव्हीमागची वायर हलवली, तर तिची पिन तुटली आणि वायर हातात आली.

आणि चित्र लख्ख झालं! ना अँटेना, ना बूस्टर, तरी सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. तेव्हा कुठे त्याला तो स्क्रू आठवला: सिग्नल कमी नव्हता, फाजील होता. पण ते कोणाला सांगायचं?

"बघा आई," तो छाती काढून म्हणाला, "याला म्हणतात चित्र."

सासूबाई पडद्यावरच्या आपल्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, मघाशी माझे केस काळे होते ना?"

"हो, पण तो बिघाड होता."

"मग तो बिघाड लावा परत."

"अहो, दात काळे दिसतील."

"मी कुठे फारशी हसते?"

मेकॅनिकने आयुष्यात पहिल्यांदा धड चालणारा टीव्ही आपल्या हाताने बिघडवला. पडद्यावर सासूबाई काळ्याभोर केसांनी झरझर टाके घालू लागल्या आणि खुर्चीतल्या सासूबाई, दात दाखवून, चक्क हसल्या.

"तुझ्या नवऱ्याच्या हातात कसब आहे हो," त्या लेकीला म्हणाल्या.

मेकॅनिकला भरून आलं. पण वळून बघायची सोय नव्हती. कार्यक्रम संपेपर्यंत तो टीव्हीमागे ओणवा होऊन तुटकी वायर दाबून धरत होता. हात जरा ढिला पडला असता, तर चित्र सुधारलं असतं.