पुढं बसवलेला पाटा

कुपवाडच्या वर्कशॉपमधून राजनंदिनीनं बनवून आणलेला लोखंडी सांगाडा दादासोंनी चारी बाजूंनी न्याहाळला, बोटानं वाजवला आणि मग त्याच संशयानं लेकीकडं बघितलं.

“ह्यानं काय हुतंय?”

“आबा, ट्रॅक्टरच्या लोडरची बादली काढायची आन् हा अडकवायचा. मागची अवजारं पुढं बसत्यात. तुमच्या मानंचा तरास वाचंल.”

तीस वर्षं मागं बघत ट्रॅक्टर हाकल्यानं दादासोंची मान उजव्या खांद्यावरच मुक्कामाला होती.

“रोटर चालंल?”

“न्हाई. त्याला फिरवणारा दांडा मागंच असतोय. नांगर बी न्हाई, त्यो ओढायचा असतोय. निस्ता माती सारायचा पाटा.”

“म्हंजी लगीन एवढं मोठं आन् पंगत एका माणसाची!”

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला, “दादा, काय बेत हाय रं?”

हे नाथाजी, दादासोंचे चुलतभाऊ. दोघांच्या रानामधला बांध दर नांगरटीला दुसराच कोरतो, असा दोघांचाही आरोप होता. गेल्या उन्हाळ्यात सरपंचांनी कंटाळून दोघांकडून कागद लिहून घेतला होता: इथून पुढं जो बांध मोडेल, त्यानं दुसरा म्हणेल ती हद्द मुकाट्यानं मान्य करायची. तेव्हापासून दोघंही बांधाजवळून जाताना चपलासुद्धा जपून टाकत.

“बांधाकडंची चढण सपाट करायचीय, काका,” राजनंदिनी म्हणाली.

“बांधाकडंची?” नाथाजी तरातरा बांध ओलांडून आले.

पाटा पुढं चढला आणि नवीच अडचण निघाली. पुढं भार वाढल्यानं मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

“मागं वजन पायजे. वाळूची पोती आणते.”

“पोती कशाला? मी हाय की,” म्हणत शंभर किलोंचे नाथाजी मागच्या मडगार्डवर चढूनही बसले.

“काका, उतरा. पडला बिडला तर?”

“पडंना. पर बांधावर नजर ठेवाय कुणीतरी नगं?”

“नजर ठेव,” दादासो फणकारले. “मी बी ठेवतोय.”

राजनंदिनी पोती आणायला वळली, तोवर ट्रॅक्टर सुटलासुद्धा. पाटा दिसायला पुढं होता, पण दादासोंची मान सवयीनं मागं वळली. मागं नाथाजी. हा मुद्दाम एका अंगाला रेलून ट्रॅक्टर बांधावर घालणार, असं दादासोंना वाटलं. हा हळूच स्टेरिंग फिरवणार, असं नाथाजींना वाटलं. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून निघाले.

“आबा! पुढं बघा, पुढं!”

इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय? तिरका बसवलेला पाटा बांधात शिरला आणि लोण्यातून सुरी जावी तसा पार बांधाच्या टोकाच्या विहिरीपर्यंत गेला. पळत जाऊन राजनंदिनीनं इंजिन बंद केलं, तेव्हा दोघांनी पहिल्यांदा खाली बघितलं. बांध नव्हता. एक सपाट रान होतं.

नाथाजी मडगार्डवरून टुणकन उतरले. “मोडला! दादानं मोडला! कागद हाय म्हटलं! आता मी म्हणीन ती हद्द!”

दादासोंचा चेहरा पडला. राजनंदिनीच्या सांगाड्यानं आबांचं रान घालवलं होतं. आता निदान जमिनीचे आकडे तरी चोख असावेत, म्हणून ती बोलली.

“कागद मान्य हाय, काका. उद्याच सरकारी मोजणीचा अर्ज घालते. खरी हद्द कळू दे. मग तितनं तुमी म्हणाल तेवढं आत या.”

नाथाजी दोन पावलं मागं सरकले.

“मोजणी?” नाथाजींचा आवाज खाली आला. “घरातल्या घरात मोजणी कशाला, पोरी?”

“मोजणीचं नाव काढू नगंस!” दादासो तर दुप्पट जोरात ओरडले.

राजनंदिनी आधी काकांकडं आणि मग आबांकडं नीट बघत राहिली. दोघांनाही त्या वेळी जमिनीत बघण्यासारखं बरंच काही सापडलं होतं. बांध दोघंही कोरत आले होते, हे तिच्या ध्यानात आलं.

“बांध काय, आत्ता घालू की,” म्हणत नाथाजींनी स्वतःच दोरी आणली. दोघांनी दोन टोकं धरली.

“घे, तुज्या मनासारखी धर,” दादासो म्हणाले.

“छ्या! तू थोरला. माज्याकडं सरकीव वाईच.”

“न्हाई गड्या, कागद म्हंजी कागद. तूच हिकडं ये.”

“दादा,” नाथाजींनी हळूच विचारलं, “पोरगी अर्ज तर न्हाई न्हवं घालायची?”

दादासोंनी लेकीकडं चोरून बघितलं आणि दोरी आणखी हातभर आपल्याच रानात ओढून घेतली.